मी स्विंक, डब्ल्यूवाला

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. जुना म्हणजे किती? हजार वर्षांच्याही वरचा. माझ्या वयाचे दगड झिजून वाळू झाले, मी अजून खणखणीत आहे. नाव स्विंक. जन्म इंग्लंडातला, इंग्रजी नुकती रांगायला लागली होती तेव्हाचा. आणि अर्थ? घाम गाळणं. हाडं खिळखिळी होईस्तोवर राबणं.

झोक्याला इंग्रजीत स्विंग म्हणतात ना, तो माझा भाऊबंद असावा असं जाणकार सांगतात. बघा नशीब! तो बागेत झुलतो आणि मी शेतात राबतो. पण तक्रार नाही हो. नांगरणारे, मळणी करणारे, लाकडं फोडणारे सगळे मलाच हाक मारायचे. एकदा एका शेतकऱ्याने मला इतक्या जोरात उच्चारलं, की शेजारच्या गावातला बैल दचकून उठला आणि आपण होऊन नांगराला जाऊन उभा राहिला. खोटं वाटतंय? मग त्या बैलाला विचारा.

पुढे समुद्रापलीकडून फ्रेंच बोलणारे सरदार आले. त्यांच्यासोबत कष्टाच्याच अर्थाचे दोन शब्द आले, लेबर आणि ट्रॅव्हेल. हा ट्रॅव्हेल प्रवासाचा नव्हे बरं, हालअपेष्टांचा. भारी कपड्यातले पाहुणे! त्या ट्रॅव्हेलचं मूळ म्हणे माणसांना छळायच्या तीन दांड्यांच्या सांगाड्यात आहे. माझ्या कुळात असलं काही नाही. तरी दरबारात मान त्यांना आणि चिखलात मी. मधे काही टवाळांनी तर मला दारू ढोसायच्या अर्थानेही वापरलं. मी, कष्टाचा शब्द, आणि गुत्त्यात! मग हळूहळू सगळेच मला विसरले. जाड शब्दकोशात मला एक कोपरा मिळाला, आणि नावापुढे शिक्का बसला, 'जुना, वापरात नसलेला'. तिथे मी काही शतकं पडून होतो. शेजारी स्वाइन म्हणजे डुक्कर. त्याच्याशी बोलणार काय?

आणि मग २००६ साली मी थेट टेक्सासात पोचलो, शुगर लँडला. रेणू नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीच्या स्पेलिंगच्या कागदांवर.

तिथल्या शाळांमध्ये स्पेलिंग बी असते. स्पेलिंगची कुस्तीच म्हणा ना. एकेक मूल स्टेजवर येतं, त्याला शब्द ऐकवतात, ते अक्षरं सांगतं. चुकलं की घंटी, आणि खाली. रेणूला शाळेत पहिल्या दोघांत यायचं होतं, म्हणजे ह्यूस्टनच्या मोठ्या स्पर्धेला जाता येणार होतं. आईबाबा दोघं नोकरीवर, म्हणून शब्द वाचून द्यायचं काम शैलाआजीकडे. आजी सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आल्या होत्या. रोज दुपारी रेणू शाळेतून आली की आजी चष्मा लावायच्या आणि कोर्टातल्या पट्टेवाल्यासारखी आमच्या नावांची पुकार करायच्या.

पहिल्याच दिवशी माझा नंबर आला.

"स्विंक!" आजी म्हणाल्या.

"आजी, व्ही की डब्ल्यू?"

"व गं, व! वाटाण्यातला व."

"आजी, दॅट डझन्ट हेल्प!"

रेणूने वहीत माझ्या पोटात व्ही घातला. आई गं! हजार वर्षांत माझी असली शस्त्रक्रिया कुणी केली नव्हती.

शनिवारी रेणूचे बाबा, सत्यजित, यांनी वही उघडली. डब्ल्यूच्या जागी व्ही, व्हीच्या जागी डब्ल्यू, असे अकरा शब्द निघाले.

"आई, रागावू नकोस, पण तुझ्या उच्चाराने पोरगी हरेल. मी एक सीडी मागवतो. अमेरिकन बाईचा आवाज असतो त्यात."

"आणि तू रे? तू तरी कुठे वेगळा बोलतोस?"

"मी रोज मीटिंगमधे बोलतो."

"बाबा, काल तुम्ही व्हॅक्यूम आणि वुड, दोन्हींतला व सेम म्हणालात," रेणूने खाली मान घालून सांगितलं.

तिची आई, आसावरी, भाजी चिरता चिरता हसली. सत्यजित नाही हसले. शेवटी ठरलं. शाळेतल्या स्पर्धेपर्यंत कागद आजींकडे. रेणू तिथे व्ही-डब्ल्यूमुळे बाद झाली, तर कागद सीडीच्या बाईकडे.

मी कागदावरून बघत होतो ना, आजींचे डोळे भरले होते. दिवसभराच्या रिकाम्या घरात तेवढा एकच तास त्यांचा होता.

दुसऱ्या दिवसापासून कामाला लागल्या. गुरू रेणूच. "लिप्स राउंड कर, आजी. दात लावायचे नाहीत."

"म्हणजे चूल फुंकल्यासारखं?"

"व्हॉट्स चूल?"

आजींनी ओठांचा चंबू केला आणि फुंकर मारली. रेणू ओरडली, "येस! दॅट्स डब्ल्यू!"

बस्स. सापडलं. चूल फुंकली की डब्ल्यू, खालचा ओठ चावला की व्ही. मायक्रोवेव्हच्या काचेत बघून आजी तासन्‌तास फुंकायच्या. वॉटर, विंडो, वुईंटर. दुकानात फुंकायच्या, गाडीत फुंकायच्या. समोरच्या घरातल्या म्हातारबुवांना वाटलं, या बाई आपल्याला बघून चुंबनं उडवतात. ते रोज टोपी काढून नमस्कार करायला लागले. वय वर्षं अडुसष्ट, कवळी वरची, आणि ही मेहनत! गाल दुखायचे, तर शेकून घ्यायच्या. मित्रांनो, माझा अर्थ मी हजार वर्षं सांगत आलो, पण एका माणसाने माझ्याच पायी तो असा जगून दाखवलेला मी पहिल्यांदा पाहिला. माझी पाचही अक्षरं ताठ झाली.

स्पर्धेचा दिवस आला. लायब्ररीच्या बाई शब्द वाचत होत्या, टेक्सासच्या पद्धतीने, च्युइंगगमसारखे ताणून. आधीच सांगितलं होतं, प्रेक्षकांनी ओठसुद्धा हलवायचे नाहीत. तीस मुलांतली तीन उरली. रेणू माइकपाशी आली, आणि बाईंनी कार्ड उचललं. कार्डावर मी!

नेमका तेव्हा माइक खरखरला. रेणूला दुसरं अक्षर कळेना, व्ही की डब्ल्यू. तिने अर्थ विचारला. "कष्ट करणं, राबणं," बाईंनी इंग्रजीत सांगितलं. रेणू म्हणाली, "एस..." आणि थांबली. चूक झाली तर ह्यूस्टन गेलं आणि आजींचा तासही गेला.

तिसऱ्या रांगेत शैलाआजींची काय दशा! सवयच झालेली, मी कानावर पडलो की ओठ आपोआप चंबू होणार. म्हणजे नातीला खूण, म्हणजे लबाडी. आजी थापा मारतील, पण लबाडी? छे! त्यांनी पदराचा बोळा केला आणि सरळ तोंडात कोंबला. सत्यजित बघतच राहिले.

रेणूने आजींकडे पाहिलंच नाही. तिने डोळे मिटले, मला अगदी हळू स्वतःशीच म्हणून पाहिलं, आणि तिचे ओठ गोल झाले.

"डब्ल्यू. आय. एन. के."

घंटी वाजली नाही.

रेणू दुसरी आली. ह्यूस्टनचं पक्कं झालं. बाईंनी विचारलं, तयारी कुणी करून घेतली? सत्यजित पुढे सरसावले होते, तेवढ्यात रेणू म्हणाली, "माय आजी. शी स्विंक्स."

किती शतकांनी कुणीतरी मला जिवंत माणसासाठी वापरलं, तेही एका आजीसाठी!

पण खरी गंमत पुढे. सोमवारी सत्यजित दीड तास ट्रॅफिक काढून घरी आले. नवीन कागदांचा गठ्ठा त्यांनी मुकाट आईच्या हातात दिला, सोफ्यावर अंग टाकलं आणि म्हणाले, "आज ऑफिसात फार स्विंक केलं, आई."

इंग्रजांनी टाकलेला मी, मराठीत येऊन 'करणं'च्या शेजारी बसलो! तेव्हापासून त्या घरात भांडी स्विंक करून घासतात, गणितं स्विंक करून सोडवतात. आसावरी तर पुरणपोळ्या करून झाल्यावर म्हणते, "माझा स्विंक झालाय नुसता!"

म्हणून मित्रांनो, एक विनंती. कुठल्याही भाषेतला म्हातारा शब्द सापडला, तर त्याला नमस्कार करून पुस्तक मिटू नका. त्याला घरात घ्या, कामाला लावा. सुरुवातीला चुकीचा म्हणाल, म्हणा. आम्हाला राग येत नाही. फक्त गप्प बसू नका.

सत्यजितनाही आजींनी त्या सोमवारी सोडलं नाहीच. गठ्ठा मांडीवर घेतला, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "सत्या, व्ही झाला तो. ऊठ, ओठ गोल कर, आणि पुन्हा म्हण."