हातातलं काम

"हो साहेब... हो, आत्ता बघतो साहेब..." फोन कान आणि खांद्यात दाबून, मान वाकडी करून कॉम्प्युटर दुरुस्तीवाला बोलत होता. पलीकडे कंत्राटदार. त्याचा प्रिंटर अडला की सगळं आत्ताच्या आत्ता हवं! गिऱ्हाईक तुटेल या धास्तीने या भल्या माणसाने 'नाही' हा शब्द कधी तोंडातून काढला नव्हता.

टेबलावर शाळेतल्या निवृत्त बाईंचा कॉम्प्युटर उघडा होता. त्यांचे यजमान गेले. यजमानांनी गायलेली गाणी तेवढी जुन्या डिस्कवर उरली होती. नवी डिस्क आधी कोरी करून तयार करायची आणि गाणी तिच्यात उतरवायची, एवढंच काम. बोलता बोलता त्याने बटण दाबलं आणि बघतो तर काय, जुनीच डिस्क कोरी! कसाबसा फोन ठेवून तो डोक्याला हात लावून बसला.

डबा घेऊन आलेल्या आईला त्याचा चेहरा पाहूनच काहीतरी बिघडल्याचं कळलं. तिने विचारलं तसं त्याने सगळं सांगितलं.

"बाबांचं रेडिओचं दुकान आठवतं?" ती बाकावर टेकली.

आठवत होतं की! तापल्या कथलाचा वास आणि उघड्या रेडिओवर वाकलेले बाबा. कितीही मोठा माणूस येवो, ते वर न बघता म्हणायचे, "बसा, हातातलं होऊ दे." लोक बसायचे, गप्पा रंगायच्या, आणि मुका रेडिओ बोलायला लागला की अख्खं दुकान खूश! काय दिवस होते ते!

"घाई तेव्हाही होतीच रे," आई म्हणाली. "पण बाबा थांबा म्हणायचे, म्हणून लोक थांबायचे. तू सगळ्यांना हो म्हणतोस. मग एकाचं तरी धड होतं का?"

फोन पुन्हा वाजला. कंत्राटदारच.

"साहेब, हातात दुसऱ्याचं काम आहे. तुमचं उद्या सकाळी."

"मग मी दुसरा बघतो!"

"बघा साहेब." फोन बंद करून त्याने खणात टाकला.

उन्हं उतरेपर्यंत तो पुसलेलं परत काढत बसला. एकेक गाणं हाती लागत गेलं. बाईंना बोलावून त्याने आपली चूक सांगितली आणि गाणं लावलं.

"थांबा, आता ठसका लागेल बघा यांना," बाई म्हणाल्या. आणि गाण्यात यजमानांना ठसका लागला की खरंच! रडता रडता त्यांना हसू फुटलं.

मंडळी, 'आत्ता नाही' म्हणणं हा उद्धटपणा नव्हे. ज्याचं काम हातात आहे, त्याचा तो मान आहे. आणि आपण गिऱ्हाईक असू तेव्हा, समोरच्याने थांबा म्हटलं तर खुशाल थांबावं. त्याच्या टेबलावर कुणाचं तरी सर्वस्व उघडं पडलेलं असतं.