साहेब, दारावरचा हात काढा

पहिल्याच चाचणीत माझ्या लिफ्टच्या दारानं पलंग मधोमध धरला. पलंगावर कुणी नव्हतं, नुसती गादी होती, एवढंच नशीब. पण बघायला हॉस्पिटलचे चार डॉक्टर आणि आमचे मोठे साहेब उभे होते, आणि तो धाडकन आवाज सगळ्यांनी ऐकला.

‘माझ्या’ म्हणतेय, कारण ती माझीच होती. मी लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत सहा महिन्यांची इंटर्न. इतर विभागांत इंटर्न म्हणजे झेरॉक्स काढायला आणि फाइली वाहायला ठेवलेलं माणूस. आमच्या विभागप्रमुख मात्र वेगळ्या. सगळे त्यांना ताई म्हणतात. पहिल्याच दिवशी त्यांनी नव्या हॉस्पिटलच्या सहा लिफ्टच्या दारांचं अख्खं काम माझ्यापुढे टाकलं. म्हणाल्या, “हे तुझं. अडलीस तर विचार. मी तुझ्या कीबोर्डला हात लावणार नाही.” चार महिने त्यांनी खरंच लावला नाही. मी चुकताना दिसले की ओठ चावत बसायच्या, पण गप्प.

पलंग अडकला तसे साहेब तिथेच कडाडले. “एवढं मोठं काम या पोरीच्या हातात दिलंच कुणी?”

“मी दिलं,” ताई म्हणाल्या.

“मग आता काढून घ्या. सोमवारपासून अनुभवी माणूस बघेल. अहवालात लिहा, इंटर्नची चूक. विषय संपला.”

मला आधी रडू आलं, मग त्या रडण्याचाच राग आला. चूक माझ्या नावावर आणि काम दुसऱ्याच्या, हा कुठला न्याय?

“चूक माझी आहे साहेब, लिहा खुशाल. पण मग ती दुरुस्त पण मीच करणार. एक आठवडा द्या.”

साहेबांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी छताकडे.

“पुढचा शुक्रवार,” साहेब म्हणाले. “पुन्हा असं झालं तर तू घरी. आणि यांचं काय करायचं ते मी बघतो.”

माझ्यापायी आता ताईंचीही मान अडकली होती.

माझी आई दुसऱ्या एका हॉस्पिटलात आया आहे. घरी गेल्यावर तिला सगळं सांगितलं. दाराच्या कडेला एक डोळा असतो, वाटेत काही आलं की दार थांबतं. तो डोळा मी बरोब्बर पलंगाच्या उंचीवर बसवला होता. माप थेट कॅटलॉगमधलं, मिलिमीटरमध्ये.

आई भाजी चिरायची थांबली. “इतका खाली? अगं, पलंग खाली ठेवून ढकलतं का कुणी? कंबर जाईल. आम्ही आधी पोटापर्यंत वर घेतो, मग ढकलतो.”

म्हणजे चाचणीतही पलंग तसाच वर घेतलेला होता, आणि माझा डोळा त्याच्याखालून आरपार पलीकडची भिंत बघत बसला होता. समोर काहीच नाही म्हणून दार बिनधास्त मिटलं. बावीस वर्षं पलंग ढकलणारी बाई माझ्याच घरात होती, आणि मी अक्कलशून्य, कॅटलॉग चाळत बसले होते.

“मला विचारायचंस की गं,” आई म्हणाली. तिला राग आला नव्हता, म्हणून जास्त लागलं.

परवानगी काढून तीन दिवस मी तिच्या ड्यूटीत मोजायची टेप घेऊन तिच्या मागे फिरले. सलाईनचा खांब उंबऱ्यातच अडकतो. कुणीतरी नातेवाईक मध्येच थांबून रुग्णाचं पांघरूण सारखं करतो. या सगळ्याला एक डोळा पुरणार नव्हता. मी तो काढून दाराच्या कडेला खालपासून वरपर्यंत तसल्या डोळ्यांची रांगच बसवली आणि दार उघडं राहायची वेळ वाढवली. ताईंनी एकदा आकडे तपासले, मान हलवली आणि आपल्या टेबलाशी गेल्या.

शुक्रवारी नव्या हॉस्पिटलात साहेबांनी पलंगावर ठेवायला वाळूच्या गोण्या मागवल्या.

“गोण्या कशाला?” मी म्हटलं. “मी झोपते.”

चपला काढल्या आणि चढले. तिथल्या आयाला सांगितलं, “मावशी, नेहमी घेता तेवढा वर घ्या. आणि बरोबर दारात थांबा.”

पलंग निम्मा आत, निम्मा बाहेर थांबला. तेवढ्यात साहेबांनी पुढे होऊन तळहात दारावर टेकवला. “उगाच धोका नको. मी धरतो.”

“साहेब, दारावरचा हात काढा.”

“अगं, लागलं तर?”

“लागलं तर मला लागेल. दार माझं आहे. हात काढा.”

साहेब ताईंकडे वळले. “सांगा हिला काहीतरी.”

“मी नाही सांगणार,” ताई म्हणाल्या. ओठ मात्र चावत होत्या.

साहेबांनी हात काढला. मी छताकडे बघत मनात आकडे मोजत होते आणि घाबरले होते, खोटं कशाला बोलू. दहा झाले, वीस झाले. दार जागचं हललं नाही. मग मावशींनी पलंग आत ढकलला, स्वतः आत आल्या, आणि त्यांच्या पाठीमागे दार हळूच मिटलं.

मावशींनी बटण दाबून ते पुन्हा उघडलं. साहेब रुमालानं कपाळ पुसत होते.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “आता उरलेल्या पाच लिफ्ट एखाद्या अनुभवी...”

“मीच करणार,” मी म्हटलं. उठून बसायलाही थांबले नाही.