कॉलमची आई

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘कॉलमची आई’ म्हणत. चिडवतच म्हणत, पण त्यात खोटं काही नव्हतं. कॉलम म्हणजे पेनाएवढी पोलादी नळी. ती सकाळी फ्रिजमधून काढायची, संध्याकाळी न्हाऊमाखू घालून परत ठेवायची आणि मध्ये कुणाला हात लावू द्यायचा नाही, असा तिचा खाक्या. नळीतल्या बारीक कणांवर प्रोटीन घट्ट बसवलेलं होतं. काही औषधांत एकाच रेणूची डावी-उजवी रूपं असतात, हातमोज्यांच्या जोडीसारखी. हे प्रोटीन डाव्याला जाऊ देई, उजव्याला थोडा वेळ धरून ठेवी, आणि मग आलेखावर दोन वेगळे उंचवटे उमटत. ती तपासायची त्या औषधाचं डावं रूप दुखणं शमवायचं, उजवं हृदयाचे ठोके बिघडवायचं.

तिची आई गेली आणि ती लगेच कामावर हजर झाली. डोळ्यांतून टिपूस काढला नव्हता. रडून मोकळी हो, आणि घरच्या फ्रिजमधलं आईंचं इन्सुलिन टाकून दे, असं वहिनी कितीदा तरी म्हणाली. तिने दोन्हीला मान डोलावली आणि दोन्हींतलं काही केलं नाही. त्या सकाळी फ्रिजमधून काढलेली नळीही तिच्या हाताला गार लागली नाही.

दुपारी नळीतला दाब वाढला, म्हणून तिने ती धुतली. इतर नळ्या धुतात तशीच, निव्वळ तीव्र द्रावणाने. हात आपले चालत होते. मग नव्या मालाचा नमुना सोडला, आणि एकच उंचवटा आला.

साहेबांनी मागून वाकून पाहिलं आणि सुस्कारा सोडला. गेल्या खेपेच्या मालात उजवं रूप सापडल्यापासून त्यांची झोप उडाली होती. माल शुद्ध आहे, आजच पाठवू, असं म्हणत ते सहीसाठी पेन चाचपू लागले.

उंचवटा फार लवकर आला होता. त्या द्रावणाने प्रोटीन मरतं, हे नवख्यांना दटावून सांगणारी तीच. आता गप्प बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता, आणि उजवं रूप कुणाच्या तरी पोटात गेलं असतं. तिला घाबरायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. निव्वळ सवयीने तिने दोन्ही रूपं मुद्दाम मिसळलेला नमुना सोडला. तोही एकाच उंचवट्यात आला.

“सही करू नका,” ती म्हणाली. “कॉलम मी मारला. वरून सगळं ठीक दिसतंय. पण आत धरून ठेवणारं कुणी उरलं नाही.”

तुमच्यासारखीने असं करावं, म्हणून साहेब तडकले. मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि त्यांचा आवाज खाली आला.

“घरी जा तुम्ही. मी नवा मागवतो. हा टाकून द्या.”

नळी तिने स्वतःच्या हाताने टाकली. घरी आल्यावर खांद्यावरची पर्सही न उतरवता तिने फ्रिज उघडला. दाराच्या कप्प्यात आईच्या कुप्या ओळीने उभ्या होत्या. तिने एक उचलली. ती गार लागली, चांगलीच गार. फ्रिजचं दार तसंच उघडं टाकून ती खाली फरशीवर बसली, आणि तिला मोठ्याने रडू फुटलं.