'येतो' म्हणून गेलेले

मी एक जुनी चौकट आहे, मित्रांनो. दाराची नव्हे, पडद्यावरची. दुकानांच्या वेबसाइटवर गिऱ्हाइकांना वेळ ठरवून देणारं एक प्लगइन, म्हणजे वेबसाइटला जोडायचा छोटा प्रोग्राम, आहे. कुणी ते बंद करायला गेलं की मी टुणकन पुढे येते आणि विचारते, काय चुकलं? खाली लिहायला जागा, त्याखाली एकच बटण.

ते प्लगइन आणि मी, दोघांनाही एका दादाने घडवलं, त्याच्या मावशीच्या शिवणकामाच्या दुकानामागच्या खोलीत. बटणावर त्याने 'जातो' लिहिलं होतं. मावशी तोंडातल्या टाचण्या काढत म्हणाली, "अरे, निघताना कुणी जातो म्हणतं का? येतो लिही."

दादाने लिहिलं. घोळ झाला तो तिथेच.

एका न्हाव्याने तर मला इतक्या जोरात मिटलं, की शेजारच्या खिडकीतला कॅल्क्युलेटर दचकून बेरजा चुकू लागला. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा. न्हाव्याने लिहिलं होतं, एका खुर्चीत एकाच वेळी दोन गिऱ्हाइकं कशी बसवू? दातांच्या डॉक्टरीणबाईंचीही तीच तक्रार. पण सगळ्यांनी शेवटी 'येतो'च दाबलं. दुसरं बटण होतं कुठे? दादा खूश. परत येणारच आहेत, आल्यावर बोलू, म्हणायचा. लिहिलेलं उघडायचाच नाही. सुरुवातीला माझं कोण कौतुक होतं, पुढे तो माझ्याकडे बघेनासा झाला. मी सगळ्यांचं बोलणं पोटात घेऊन बसले. परत मात्र कुणी आलं नाही.

भाच्याचं म्हणून मावशीनेही ते प्लगइन लावलं होतं. एका दुपारी दोघी एकाच वेळेला मापं द्यायला आल्या, हमरीतुमरीवर आल्या आणि निघून गेल्या. त्यांतली एक मावशीची शाळेपासूनची मैत्रीण. ती पुन्हा त्या गल्लीत फिरकली नाही. मावशी भाच्याला काही बोलली नाही. पोराचं मन कसं मोडायचं? प्लगइन बंद करायला ती माझ्यासमोर येऊन बसली आणि तिने एकच शब्द लिहिला.

"जाते."

दुकानाचं नाव दिसलं म्हणून दादाने तेवढा निरोप उघडला. मग मागचे सगळे उघडले. भिंतीपलीकडे शिलाई मशीन चालू होतं. तो दारापर्यंत गेला, "मावशी" म्हणाला. मशीन थांबलं. तो उंबऱ्याशीच घुटमळला, तसं ते पुन्हा सुरू झालं.

माझ्या बटणावरचं 'येतो' त्याने पुसलंय. तिथे काय लिहावं, ते अजून ठरत नाही. मित्रांनो, तुम्हीही कुणाला कधी काय चुकलं म्हणून विचाराल. विचारलंत, तर ऐकायलाही बसा. माणूस 'येतो' म्हणत असला, तरी चपला घालतोय का, तेवढं बघा.