बर्फकापे गेले, बैल आले

मित्रांनो, मी एक जुनी करवत आहे. लाकडाची नाही, बर्फाची. पाच फूट लांब पोलादी पातं, वर आडवी लाकडी मूठ आणि बोटाच्या पेराएवढे बेचाळीस दात. ज्याच्यावर मी दात धरते त्याला सहजासहजी सोडत नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे तुम्ही मला नावं ठेवायला नकोत. सध्या मी स्कोगन विद्यापीठाच्या सुरक्षा चौकीतल्या कपाटात पडून आहे आणि माझ्या मुठीला 'जप्त' अशी चिठ्ठी बांधलेली आहे.

मी अशी जप्त होण्यासाठी जन्मले नव्हते. एकोणीसशे अकरा साली मी कारखान्यातून बाहेर पडले आणि निल्स लोकन नावाच्या माणसाने मला विकत घेतलं. तेव्हा घरोघरी फ्रीज नव्हते. आमच्या मिनेसोटात, म्हणजे अमेरिकेच्या उत्तर टोकाला, हिवाळ्यात सरोवरं गोठायची, तोच सगळ्यांचा बर्फाचा कारखाना. मिटन सरोवरावर दोन फूट जाडीचा थर धरला की निल्स मला घेऊन उतरायचा. आम्ही बर्फात एक लांब पाट कापायचो आणि कापलेल्या लाद्या त्या पाण्यातून तरंगत काठापर्यंत न्यायचो. विद्यापीठातली गरीब मुलं वर्गाआधी आमच्यासोबत राबायची. त्याच मुलांनी बर्फावर खेळायच्या हॉकीचा संघ काढला. पलीकडच्या काठावरच्या कॉलेजातली मुलं त्यांना हिणवायची, "अरे, हे बर्फकापे काय खेळणार?" आमच्या मुलांनी त्यांना धूळ चारली आणि हिणवायला दिलेलं नाव छातीवर शिवून घेतलं. मित्रांनो, तेव्हा नाव असं पडायचं. त्यासाठी कुणी समिती नेमली नव्हती.

पुढे फ्रीज आले आणि आमचं काम संपलं. पण एक रीत उरली. दर जानेवारीत पलीकडच्या कॉलेजाशी सामना असायचा. त्या दिवशी पहाटे लोकनांच्या घरातला माणूस माझ्याने सरोवराची एक लादी कापायचा. ती घसरगाडीवरून हॉकीच्या इमारतीत आणायची, शेगडीवर वितळवायची आणि ते पाणी बर्फाच्या मैदानाच्या मध्यावर ओतायचं. ते गोठलं की मगच खेळ सुरू व्हायचा. निल्सनंतर त्याच्या मुलाने, ओरिनने, हे काम एक्केचाळीस वर्षं केलं. ओरिन फार कमी बोलायचा. पण माझी मूठ दर शरद ऋतूत जवसाच्या तेलाने पुसायचा, आणि पुसताना शीळ घालायचा. लहान मुलं माझे दात मोजायला यायची. खेळाडूंच्या अंगावर माझं चित्र असायचं. माझ्यासारखी भाग्यवान करवत दुसरी नसेल, असं मला खरंच वाटायचं.

मग ट्रेंट हॅस्लर आला. तो विद्यापीठाचा नवा क्रीडाप्रमुख, ॲरिझोनातल्या वाळवंटातून आलेला. त्याचे दात पांढरेशुभ्र होते आणि तो ते सारखे दाखवायचा. त्याने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाला, "हे काय, कसायाचं हत्यार? याला बघून कोण पोरगं आपल्याकडे शिकायला येईल?" त्या दिवशी मी त्याच्यावर दात धरला.

ऑक्टोबरमध्ये त्याने सगळ्या गावाची सभा बोलावली. कॉफी होती, भोपळ्याचा केक होता. हॅस्लर म्हणाला, "मंडळी, बर्फकापे हे नाव आता जुनं झालं. आपण नवं नाव निवडू या. कुणाची हरकत?"

आता तुम्हाला आमच्या गावाची एक खोड सांगायला हवी. इथे तोंडावर नाही म्हणणं म्हणजे पाहुण्याला उपाशी उठवण्याइतकं वाईट समजतात. बशीत केकचा शेवटचा तुकडा पडून राहील, पण कुणी उचलणार नाही. तर तीनशे माणसं बसली होती आणि प्रत्येकाला वाटत होतं की शेजारचा बोलेल. पहिल्या रांगेत, मांडीवर मला आडवी घेऊन, ओरिन बसला होता. हॅस्लरने त्याच्याकडे पाहिलंदेखील. "काका, तुम्हाला काय वाटतं?"

ओरिन म्हणाला, "ठीक आहे. चालेल."

घरी गेल्यावर त्याने संध्याकाळपर्यंत अंगातला कोट काढला नाही. त्याची मुलगी डॉरीन म्हणाली, "बाबा, तुम्हाला चालणार नव्हतं ना? मग बोलला का नाहीत?" तर म्हणाला, "बिचारा नवीन माणूस आहे गं. चारचौघांत कशाला त्याला वाईट वाटायला लावायचं."

मला तर हॅस्लरला वाईटच वाटायला लावायचं होतं. पण करवतीला कोण विचारतो?

मला भांडारात नेऊन टाकलं, फाटक्या जाळ्या आणि पोछे ठेवतात तिथे. जानेवारीत सामना आला. पुढचं मी डॉरीनच्या तोंडून ऐकलं. ती विद्यापीठाच्या हॉकीच्या मैदानावरचा बर्फ राखायची आणि भांडारात येऊन एकटीच बोलायची. ओरिन चौऱ्याऐंशी वर्षांचा, तरी सवयीने पहाटे उठला, हातमोजे चढवले आणि खेळाडूंच्या दाराशी जाऊन उभा राहिला. दारात हॅस्लरच होता. "काका, हे दार फक्त आपल्या माणसांसाठी आहे हं," तो गोड हसून म्हणाला. ओरिन म्हणाला, "माफ करा, तुम्हाला त्रास दिला." मग सामना संपेपर्यंत तो बाहेर गाडीत बसून राहिला. एप्रिलमध्ये, सरोवर मोकळं व्हायच्या आधीच, तो गेला. हॅस्लरने फुलं पाठवली नाहीत. पाठवणार कसा? आपण दारातून कुणाला परत पाठवलं, हेच त्याला माहीत नव्हतं.

त्यानंतर सुरू झाली नव्या नावाची निवड. बारा जणांची समिती बसली. ॲरिझोनातल्या फीनिक्सहून सल्लागार आले. त्यांनी सांगितलं की नावात वेग हवा, ताकद हवी आणि ते टोपीवर शोभायला हवं. गावाकडून सूचना मागवल्या तर चार हजार चिठ्ठ्या आल्या आणि त्यातल्या तीन हजारांवर एकच नाव होतं, बर्फकापे. तोंडाने कुणी बोललं नाही, पण बंद पाकिटात सगळ्यांना कंठ फुटला होता. समितीने त्या चिठ्ठ्या बाद केल्या, कारण जुनं नाव 'नवं' कसं होणार? मग उरलेल्यांतून वादळ, वीज, गरुड असं काय काय चाळत स्वारी शेवटी एका नावावर थांबली: 'ब्लिझार्ड बुल्स', म्हणजे हिमवादळातले बैल. आमच्या पंचक्रोशीत दुभत्या गाई आहेत, बैल औषधालाही नाही. पण टोपीवर शोभत होता म्हणे.

डॉरीन भांडारात माझ्याशेजारी पालथ्या बादलीवर बसली आणि म्हणाली, "बैल. माझा बाप गेला तो एका बैलासाठी." मग तिने खिशातून फडकं काढून माझे दात पुसले. एकेक करून, सगळे बेचाळीस. मित्रांनो, इतक्या प्रेमाने मला आजवर कुणी पुसलं नव्हतं आणि इतक्या रागानेही नाही.

नाव जाहीर करण्याचा सोहळा फेब्रुवारीत ठरला. हॅस्लरची हौस अशी की सरोवराच्या बर्फावर दहा फुटी फायबरचा पांढरा बैल उभा करायचा, त्याच्या पायाशी उभं राहून भाषण ठोकायचं आणि मागे पूल दिसायला हवा. पुलाखालून सरोवराचं पाणी नदीत उतरतं. तिथे ओढ असते, म्हणून तेवढा भाग भर हिवाळ्यातही गोठत नाही. त्याने डॉरीनला विचारलं, "बर्फ माझं वजन पेलेल ना?"

"तुमचं पेलेल, बैलाचंही पेलेल," डॉरीन म्हणाली. ती खोटं बोलली नाही. दोन फुटांची लादी बुडत नसते, तरंगते. ती तरंगत कुठे जाईल, हे काही त्याने विचारलं नव्हतं.

सोहळ्याच्या आधीच्या दोन पहाटे आम्ही दोघी सरोवरावर होतो. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पण हात आजोबांचा. सत्तर-ऐंशी वर्षांनी मी पुन्हा पाट कापला, बैलापासून थेट पुलाजवळच्या मोकळ्या पाण्यापर्यंत. सुटलेल्या लाद्या ओढीने पुलाखालून निघून गेल्या. मग बैलाभोवती चौकोन कापला, फक्त काठाकडच्या बाजूला हातभर बर्फ जोडलेला ठेवला. लादीत तिने एक पहार ठोकली, तिला दोर बांधला आणि दोराचं दुसरं टोक काठावरच्या खांबाला गुंडाळलं. शेवटी आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे तिने उघड्या पाण्याच्या कडेने पाइनच्या फांद्या रोवल्या. इथलं शाळकरी पोरही फांद्या दिसल्या की पुढे पाऊल टाकत नाही.

सगळं गाव आलं. फांद्या पाहिल्या आणि काठावरच थांबलं. हॅस्लर मात्र काठाकडून चालत थेट लादीवर गेला आणि फांद्यांकडे हात करून म्हणाला, "वा, सजावट झकास केलीत." दोन हजार लोकांपैकी कुणीही त्याला सांगितलं नाही. बिचाऱ्याला वाईट वाटेल म्हणून.

त्याचं भाषण रंगात आलं, तेव्हा डॉरीन मला खांद्यावर घेऊन त्या शेवटच्या हातभर बर्फापाशी गेली आणि कापू लागली. भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. लोकांना वाटलं, जुनी रीत चालली आहे. टाळ्या झाल्या, बँडवाल्यांनी बर्फकाप्यांचं गाणं धरलं. हॅस्लरही हात पसरून म्हणाला, "पाहा, आपण परंपरेचाही मान राखतो." मी एवढ्या आनंदाने आयुष्यात कधी चावले नव्हते.

कट्ट असा आवाज झाला. बैल हलला, हॅस्लर हलला आणि दोघे मिळून संथपणे पुलाकडे निघाले.

"अहो, हे काय चाललंय?" हॅस्लर बैलाचा पाय धरून ओरडला.

डॉरीनने खांबावरचा दोर हातात घेतला आणि हळूहळू सोडू लागली. "घाबरू नका, लादी बुडणार नाही. पुलापुढे दोन मैलांवर बंधारा आहे, तिथपर्यंत जाईल. एकाच माणसाचं नाव सांगा, मी ओढून घेते."

"कुणाचं नाव?"

"गेल्या वर्षीच्या जानेवारीत खेळाडूंच्या दारात हातमोजे घालून एक म्हातारा उभा होता. तुम्ही त्याला परत पाठवलंत. तो माझा बाप."

हॅस्लरने ओठ हलवले, पण त्याला नाव आठवेना. आठवणार कुठून, त्याने कधी विचारलंच नव्हतं. त्याने काठाकडे पाहिलं. दोन हजार माणसं खाली मान घालून उभी होती. दोर सरकत होता, पूल जवळ येत होता. मी बर्फावर पडल्या पडल्या मनात म्हणत होते, जाऊ दे, डॉरीन, जाऊ दे त्याला.

तेवढ्यात म्हातारा वेंडेल पुढे आला. चाळीस वर्षं तो बँडमध्ये ढोल वाजवायचा आणि दर रविवारी ओरिनसोबत मासे धरायचा. तो पुटपुटला, "ओरिन. ओरिन लोकन."

डॉरीन गर्रकन वळली. "तुला माहीत होतं, वेंडेलकाका? मग त्या सभेत तुझी जीभ कुठे गेली होती? तू त्याच्या शेजारी बसला होतास." ती सगळ्यांकडे पाहत म्हणाली, "तुम्ही सगळे बसला होतात. हा तर परका होता, त्याला काय कळणार. बाबा तुमच्या तोंडाकडे बघत होते. एकजण नाही म्हणाला असता, तर तेही म्हणाले असते."

वेंडेल रडू लागला. आणि मित्रांनो, खरं सांगते, माझा राग इतके दिवस एकाच माणसावर होता. त्या क्षणी तो काठभर पसरला आणि पुरून उरला.

"ओरिन लोकन," लादीवरून हॅस्लर म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "मला माहीत नव्हतं. ओरिन लोकन."

डॉरीन थोडा वेळ दोर तसाच धरून उभी राहिली. मग तिने ओढायला सुरुवात केली. वेंडेलने मागून हात लावला, मग बाकीचे आले. हॅस्लर काठावर उतरला आणि कुणीतरी त्याला कॉफी दिली. लादी मात्र सोडून दिली. बैल एकटाच पुलाखालून गेला आणि बंधाऱ्यावर आडवा झाला.

तुम्हाला वाटेल, नाव परत मिळालं असेल. नाही मिळालं. टोप्या छापून झाल्या होत्या. आमचे संघ आजही बैल आहेत. डॉरीनची नोकरी गेली आणि मी जप्त होऊन या कपाटात आले. हॅस्लर इथेच आहे, फक्त हसताना दात कमी दाखवतो. माझी मूठ सुकून तडकली आहे आणि पात्यावर गंज चढला आहे.

जुनी वस्तू टाकायची असेल तर खुशाल टाका, मित्रांनो. पण आधी तिला वागवणाऱ्या माणसाला विचारा. आणि तो जर 'चालेल' म्हणाला, तर तेवढ्यावर भागवू नका. त्याच्या तोंडाकडे नीट बघा, त्याच्या शेजारी बसून पुन्हा विचारा, आणि तो नाही म्हणू शकत नसेल तर त्याच्या वतीने तुम्ही मोठ्याने नाही म्हणा. डॉरीन जाताना म्हणाली, बापाचं नाव हॅस्लरच्या तोंडून ऐकलं आणि तिचं मन हलकं झालं. ती माणूस आहे, तिचं होतं. मला विचाराल, तर मी दोर सोडला असता.