सासूबाईंच्या गळ्यातली डबी

१९८६ साल. लातूर जिल्हा नवाच होता आणि चाकूरच्या विहिरी कोरड्या पडल्या होत्या. दुष्काळ पाहायला दिल्लीचे नेते आले. सासूबाई, गुरम्मा, ओवाळायला पुढं झाल्या. नेत्यांभोवतीच्या सुरक्षा दलातल्या एका कमांडोला त्यांच्या गळ्यात चांदीची डबी दिसली.

“निकालो इसे.”

“इष्टलिंग हाय, बाबा, आम्हा लिंगायतांचा देव. मेल्यावर माझ्यासंगंच मातीत जाईल.”

त्यानं हिसडा दिला. डबीचा दोरा, शिवदारा, तुटला, डबी उघडून लिंग धुळीत पडलं. ते पाहून त्यानं हात मागं घेतला.

लिंग गळ्यात नसताना जेवायचं नसतं; मठातल्या स्वामींनी ते पुन्हा बांधेपर्यंत सासूबाई दोन दिवस अन्नाला शिवल्या नाहीत.

नेते परत कधी आले नाहीत. कमांडोनं दिवाळीत टपालानं रेशमी शिवदारा पाठवला. सासूबाईंनी तो बांधला नाही, टाकलाही नाही. पुढं सासूबाई वारल्या, तेव्हा लिंगासह मातीत गेल्या. तो रेशमी शिवदारा माझ्या पेटीत आहे.