कणसरीच्या आधी

समितीच्या आधी टेम्पो आला.

घाट चढून आलेला तो रिकामा टेम्पो केंद्राच्या दारात उभा राहिला आणि ड्रायव्हरनं विचारलं, लेथ मशीन कुठल्या बाजूनं काढायचं. मी म्हटलं, काढायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही. तो म्हणाला, मला तर परतीचं भाडं बोलून पाठवलंय. विद्यापीठाचं हे असं असतं. निर्णय मोकळ्या मनानं घ्यायचा, पण टेम्पो आधी सांगून ठेवायचा.

आमचं केंद्र म्हणजे सुरगाण्याच्या पुढे एका पाड्यावर, सोसायटीच्या जुन्या गोदामात विद्यापीठानं थाटलेलं वर्कशॉप. एक लेथ, एक वेल्डिंग, एक ड्रिल आणि पावसाळ्यात ठिबकणारे पत्रे. मी इथली मदतनीस. किल्ल्या माझ्याकडे, चहा माझ्याकडे, आणि कुणी रुसलं तर समजूत काढायचं कामही न सांगता माझ्याकडेच. सोमवारी नाशिकरोडहून जीप बदलत बदलत वर यायचं, शनिवारी खाली जायचं.

केंद्र चालवायची तृप्ती भोये. पलीकडच्याच पाड्यावरची पोर. पाचवीपासून नाशिकला वसतिगृहात राहिली, इंजिनिअर झाली, विद्यापीठात लागली, आणि तिथल्या लोकांना पटवून हे वर्कशॉप तिनं इथे आणलं. तिला नागली, म्हणजे नाचणी, मळायचं मशीन करायचं होतं. दोन बायांनी उचलून बांधावरून नेता येईल असं, आणि ओल्या कणसांवर चालणारं. ओल्यावर चालणं महत्त्वाचं. इथे नागली कापून होते न होते तोच निफाडच्या द्राक्षबागांची जीप मजूर न्यायला दारात येते. कणसं वाळवून काठीनं झोडपत बसलं तर जीप निघून जाते. जीप धरली तर नागली तशीच राहते. दरवर्षी घरातलं कुणीतरी मागे राहतं, आणि ते कुणीतरी म्हणजे बाई असते.

मागच्या हंगामात मशीन ओल्या कणसांवर अडकलं होतं. उन्हाळ्यात तृप्तीनं ड्रम बदलला. नवी कणसं हाताशी आली की समितीला दाखवायचं, असं तिनं ठरवलं. समिती आज येणार होती. चाललं तर पुढचं बघू, नाही चाललं तर केंद्र बंद, एवढं फोनवर सांगून झालं होतं.

सकाळी भिमाबाई आली ती रिकाम्या हातानं. बायांच्या गटाची ती पुढारी, आणि कणसांचा भारा तिच्याच खळ्यावरून यायचा होता.

"कणसं कुठं, मावशी?" तृप्तीनं विचारलं.

"खळ्यावर हायेत."

"मग?"

"कणसरी कुठं पूजली अजून? भगतानं दिस नाय दिला."

तृप्ती तिच्याकडे बघत राहिली. कणसरी म्हणजे इथली धान्याची देवी. खळ्यावर तिची पूजा झाल्याशिवाय नव्या नागलीचं एक कणीस कुणी झोडपत नाही, दाणा तोंडात टाकत नाही. पाड्यावरच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. तृप्तीलाच नव्हतं. म्हणजे पूजा असते हे ठाऊक होतं. ती कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर, ते नव्हतं. वसतिगृहाची सुट्टी लागून ती घरी यायची तेव्हा पूजा उरकलेली असायची आणि नागलीची भाकर झालेली असायची. खळ्यावरची नागली तिनं कधी पाहिलीच नव्हती. तारीख तिनं कृषी खात्याच्या कापणीच्या अंदाजावरून काढली होती. बरोबर काढली होती. फक्त पूजेचा दिवस काढणाऱ्या भगताला विचारलं नव्हतं.

एक पेंढी दे, कुणाला कळणार नाही, असं तिनं दबक्या आवाजात म्हणून पाहिलं. भिमाबाईनं तोंड फिरवलं. तृप्तीनं माझ्याकडे पाहिलं, मी सांगून बघावं म्हणून. आम्ही बुद्धाला मानणारी माणसं, कणसरीशी माझं देणंघेणं नाही. पण दुसऱ्याच्या खळ्यावर चपला घालून चढू नये एवढं मला समजतं. मी चहाचं आधण ठेवायला गेले.

परत आले तेव्हा तृप्ती मशीनच्या बोल्टला पाना लावून बसली होती. बोल्ट घट्टच होता. भिमाबाई दिसेना. टेम्पोवाला सावलीत झोपला होता, आणि मला त्या माणसाच्या घोरण्याचासुद्धा राग येऊ लागला.

समितीची गाडी खालच्या वळणावर दिसली तेव्हा भिमाबाई वर येत होती, पदराखाली जुडी धरून. तिनं ती तृप्तीच्या पुढ्यात ठेवली. मागच्या सालची कणसं. चुलीवरच्या आढ्याला टांगलेलं बियाणं, धुरानं काळं झालेलं. नवं बियाणं निवडून होईस्तोवर जुनं कुणी आढ्यावरून हलवत नाही. तिनं हलवलं होतं.

"याची पूजा कवाच झाली," ती म्हणाली. "घाल मशीनीत."

समितीत दोघं. शेखर सर अध्यक्ष, निवृत्तीला आलेले, गुडघे धरून गाडीतून उतरले. सिन्नरला कारखाना असलेले रोहितशेठ, उद्योगांच्या वतीनं आलेले. चहा नंतर, आधी मशीन, असं सरांनी सांगितलं. तृप्तीनं बटण दाबलं, पेंढी घातली. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. खालच्या तोंडातून दाणे पडू लागले, लालसर, स्वच्छ, एकालाही टरफल नाही. रोहितशेठनी ओंजळ भरून घेतली आणि फुंकर मारली. उडायला काही नव्हतंच.

मला रडू येईल असं वाटलं. ते फार टिकलं नाही.

रोहितशेठ म्हणाले की हे मी उद्या बनवायला घेतो. सर म्हणाले, छान, म्हणजे इथलं काम पूर्ण झालं. लेथ परत विभागात जाऊ दे, तिथे विद्यार्थी खोळंबलेत. आणि तृप्ती, तुझी विभागातली कायमची जागा मी स्वतः बघतो. शाबासकीच्या सुरात बोलत होते ते. बाहेर टेम्पोवाला उठून मागची फळी पाडत होता.

तृप्तीच्या चेहऱ्यावर मला आधी आनंदच दिसला, खोटं कशाला सांगू. वसतिगृहातून निघालेल्या पोरीला विभागात जागा. मग तिनं भिमाबाईकडे पाहिलं. भिमाबाई जमिनीवर सांडलेले दाणे वेचत होती, बियाणंच ते.

तृप्तीनं मशीन बंद केलं. एक कणीस उचलून तळहातावर चोळलं आणि हात सरांपुढे धरला. दाणे सुटले होते, टरफल वेगळं झालं होतं.

"सर, हे जुनं बियाणं आहे. वर्षभर धुरावर वाळलेलं. हातानंही सुटतं. मशीन करायचंय ते ओल्या कणसासाठी, आणि त्यावर नवा ड्रम चालतो का, ते मला माहीत नाही."

सर म्हणाले, "म्हणजे आम्हाला नाटक दाखवलंत?"

"दाखवत होते. म्हणून थांबवलं."

मग तिनं कणसरीचं सांगितलं, आपली चूकही सांगितली, सबब न देता. रोहितशेठ वैतागले. एवढंच ना, पूजा झाली की पोतं भरून नाशिकला पाठवा, तिथे चाचणी घेऊ, मी माणूस देतो. तृप्ती म्हणाली, पहिल्या वर्षी आपण तेच केलं होतं. घाट उतरेपर्यंत पोत्यात कणसं तापतात, वाळतात. तिथे चाललेलं मशीन इथे आणलं की अडकतं. मग पुन्हा खाली न्यायचं, ड्रमचे दात घासायचे, पुन्हा वर आणायचं. तोवर हंगाम संपतो आणि बऱ्याच बाया निफाडला गेलेल्या असतात. लेथ खळ्याजवळ हवं. बाया समोर हव्यात.

रोहितशेठ म्हणाले, मग पूर्ण झाल्यावर मला सांगा. असं म्हणून ते गाडीत जाऊन बसले. परत विचारायला येणाऱ्यांतले ते नव्हते.

सरांनी कपाळ चोळलं. त्यांना विद्यापीठाला आजच्या आज कळवायचं होतं, पूर्ण, अपूर्ण किंवा अयशस्वी. अपूर्ण लिहिलं तर केंद्र आणखी काही दिवस चालू राहील, पण विभागातली जागा अपूर्ण कामावर मिळत नाही, ती दुसऱ्या कुणाला जाईल, हे त्यांनी तिला स्पष्ट सांगितलं. रागानं नाही, थकून सांगितलं.

"अपूर्ण लिहा, सर," तृप्ती म्हणाली.

भिमाबाईनं मला विचारलं, साहेब काय म्हणतोय. मी थोडक्यात सांगितलं. ती दाणे पदरात बांधून उठली.

"त्याला म्हणाव, कणसरीला जेवायला ये."

"कधी आहे?" सरांनी थेट तिलाच विचारलं.

"भगत सांगंल तवा."

सर हसले नाहीत. हंगाम संपेपर्यंत लेथ इथेच राहील, एवढं ते म्हणाले, आणि गुडघे धरत गाडीकडे गेले. टेम्पोवाल्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू घाट मीच बांधलाय.

तृप्ती त्याच दुपारी भगताच्या घरी गेली. त्यानं तिला पहिल्यांदा ओट्यावर बसवून तिच्या आजोबांचं नाव विचारलं, मग दिवस सांगितला.

पूजेच्या दिवशी सर आले नाहीत. त्यांचा गुडघा घाटाला तयार नव्हता. कणसरीला नैवेद्य दाखवून झाला, भगतानं पहिली काठी मारली, आणि मग बायांनी मशीन उचलून खळ्यावर आणलं. तृप्तीनं ओली कणसं घातली. ड्रम फिरला, थोडे दाणे पडले, आवाज जड झाला, आणि कणसांचे ओले देठ दातांभोवती गुंडाळले जाऊन सगळं थांबलं.

निफाडची जीप यायला फार दिवस उरले नव्हते. तृप्ती खाली मान घालून बसली, आणि मला पुढे होऊन तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटत होता. भिमाबाईनं तिच्या हातात पाना दिला.

"खोल. बघू कुठं धरतंय ते."

चार बाया ड्रमवर वाकल्या. एकीनं अडकलेली कणसं ओढून दाखवली, दात वरच्या अंगाला वाकडे हवेत म्हणाली. दुसरी म्हणाली, वाकडे नाय, आखूड. त्यांचं भांडण लागलं. तृप्ती ऐकत होती, आणि ऐकता ऐकता दात सोडवू लागली होती.

तेवढ्यात माझा फोन वाजला. सर होते.

"चाललं का?"

"अडकलं, सर."

"मग?"

मी पाहिलं. तृप्ती दातांचा जुडगा ओच्यात घेऊन लेथकडे, गोदामाच्या चढाला लागली होती, आणि त्या दोघी भांडत भांडत तिच्या मागे.

"मग खोललंय," मी म्हटलं.